‘आई, मी उकळते आहे’ : उकळणे, उकडणे, कढणे आणि उतू जाणे

शनिवारची_शाळा

सर्वांना नमस्कार.

आम्ही काही पालक इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला असलेल्या एका गावात, दर शनिवारी मुलांना मराठी शिकवतो. गेल्या जुलैमध्ये पारा ३० अंशांच्या वर गेलेला असताना माझी नऊ वर्षांची मुलगी घामाघूम होऊन बागेतून घरात आली आणि म्हणाली, “आई, मी उकळते आहे.” इथली मुले उन्हाने हैराण झाली की आपण स्वतःच उकळत असल्याचे इंग्रजीत सांगतात, आणि तिने तेच वाक्य मराठीत आणले होते. “‘मला उकडते आहे’ असे म्हण,” असे मी तिला सांगितले. ती क्षणभर थांबली आणि तिने विचारले, “पण तू काल बटाटे उकडलेस ना? मग मला आणि बटाट्यांना एकच शब्द कसा?” मी काही बोलणार तोच तिचा पुढचा प्रश्न आला. चहा उकळतो, मग दुधाला आपण ‘तापवले’ असे का म्हणतो? तेही तर उकळूनच वर येते.

मला उत्तर देता आले नाही. कुठे कोणता शब्द वापरायचा हे माझ्या जिभेला ठाऊक आहे, परंतु त्यामागचा नियम मला सांगता येत नाही. त्या रात्री मी हे शब्द कागदावर लिहीत बसले तेव्हा उकळणे, उकडणे, शिजणे, तापणे, कढणे, आटणे, उतू जाणे, खदखदणे अशी यादी वाढतच गेली, आणि आजीच्या तोंडी दिवसातून दोनदा असणारा ‘आधण’ (भातासाठी उकळत ठेवलेले पाणी) हा शब्द मी गेल्या पंधरा वर्षांत एकदाही उच्चारलेला नाही, हे लक्षात येऊन मला वाईट वाटले.

दोन आठवड्यांनी आठ ते तेरा वर्षांच्या बारा मुलांसमोर मला याच शब्दांवर पाठ घ्यायचा आहे. उकळणे आणि उकडणे यांतला फरक मुलांना कळेल असा कसा सांगावा, ‘मला उकडते’ या वाक्यात ‘मी’ का चालत नाही, आणि कढ, आधण, ऊत हे शब्द आजही घराघरांत बोलले जातात का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे. आमच्या इथे मिळणाऱ्या एका तयार मसाल्याच्या पाकिटावर मराठीत ‘उकळलेली अंडी घाला’ असे छापलेले आहे. ते मला खटकते, पण का खटकते ते सांगता येत नाही.

खिळे_आणि_शाई

ताई, मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले आणि त्यात पाककृतींची पुस्तके बरीच हाताखालून गेली. पाकिटावरचे ते वाक्य तुम्हाला खटकले हे योग्यच झाले, कारण तुमच्या मुलीच्या वाक्यात आणि त्या वाक्यात एकच चूक आहे.

मराठीत उकळतो तो द्रव. त्या द्रवात किंवा त्याच्या वाफेत राहून जी वस्तू मऊ होते ती उकडते. पातेले एक, जाळ एक, वेळही एकच, परंतु पाणी उकळत असते आणि त्यातले बटाटे उकडत असतात. इंग्रजी या दोहोंना एकाच क्रियापदात बसवते, म्हणून तिकडून मराठीत येणाऱ्या मजकुरात अंडी उकळू लागतात. अंडे उकळायचे तर ते आधी फोडून पातळ करावे लागेल. उलट बाजूने ‘उकडलेले पाणी’ असे कोणी म्हणत नाही, पिण्याचे पाणी उकळलेलेच असते.

माझ्या समजुतीप्रमाणे उकळणे हा शब्द हालचाल सांगतो, म्हणजे खालून बुडबुडे येणे, पृष्ठभाग फुटणे, द्रवाने उसळी घेणे. उकडणे हा शब्द परिणाम सांगतो, म्हणजे ओली उष्णता वस्तूच्या आत शिरली आणि ती वस्तू नरम झाली. म्हणूनच मोदक पाण्याला स्पर्शही करत नाहीत, तरी ते उकडलेले असतात. मोदकाच्या पारीसाठी पाण्याला आधण आणून, त्यात मीठ आणि तेल किंवा तूप घालून, तांदळाची पिठी वैरून, झाकण ठेवून वाफ आणली की जे तयार होते त्याला ‘उकड’ म्हणतात आणि त्या कृतीला ‘उकड काढणे’. तुमच्या वर्गातल्या मुलांनी गणपतीत उकडीचे मोदक खाल्ले असतील, तर धड्याची सुरुवात तेथूनच करावी.

आता शिजण्याविषयी. भात, डाळ, भाजी, मटण हे शिजते, तर बटाटे, रताळी, अंडी, भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसे हे उकडले जाते. हा फरक मला बरीच वर्षे नीट मांडता येत नव्हता. मग एकदा शेंगा उकडताना लक्षात आले की आपण जे उकडतो ते बहुतेक वेळा साल, कवच किंवा टरफल यांसह अखंड असते, आणि ज्या पाण्यात ते उकडले ते पाणी आपण ओतून देतो. भाताचे किंवा आमटीचे तसे नसते. तिथे पाणी आत मुरते, पदार्थाचा भाग होते, आणि तेव्हा आपण शिजणे म्हणतो. काही जागी हा नियम ढिला पडेल, पण मुलांना समजावण्यापुरता तो पुरेसा भक्कम आहे.

‘मला उकडते’ याविषयी. आपल्या व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. उजाडते, सांजावते, गडगडते, मळमळते ही सारी त्याच घराण्यातली आहेत. उजाडते तेव्हा कोण उजाडते, असे विचारता येत नाही, कारण क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता असतो, आणि क्रियापद कायम नपुंसकलिंगी एकवचनात राहते. उकाडा मी करत नाही, तो माझ्या वाट्याला येतो, म्हणून ‘मी’ नव्हे तर ‘मला’. मुलगा असो, मुलगी असो, सगळा वर्ग असो, ‘उकडते’ बदलत नाही, बदलतो तो फक्त पुढचा शब्द: मला, तुला, आम्हाला. मुलांना हे फार सोपे जाईल.

तुमच्या मुलीला आणि बटाट्यांना एकच शब्द का, याचे उत्तरही यातच आहे. आपण प्रत्येक उन्हाला उकडणे म्हणत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तिथले लोक ऊन तापले, ऊन लागले, झळा येतात असे म्हणतात. ‘उकडते’ हा शब्द खरा शोभतो तो मुंबईत आणि कोकणात, जिथे हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि पावसाआधी जीव नकोसा होतो. ओल्या उष्णतेत कोंडून मऊ होणे, हेच मोदकाचे आणि हेच माणसाचे. भाषेने ही जोडणी विचारपूर्वक केली असे मी म्हणणार नाही, पण ती मला अतिशय नेमकी वाटते.

माजघर

दुधाविषयी थोडे लिहिते. आमच्या घरी सकाळी पिशवी फोडली की सासूबाई “दूध तापवायला ठेव” असेच म्हणतात, आणि उकळी येईपर्यंत थांबायचे हे त्या ‘तापव’ मध्येच गृहीत असते. दुधाच्या बाबतीत उकळणे हा हेतू नसतो. ते वर येईल इतके तापले की काम झाले, आणि त्यापुढे गेले तर ते उतू जाते. दूध खरोखर उकळत ठेवायचे ते बासुंदीसाठी, आणि तेव्हाही आपण ‘दूध आटवते आहे’ असे म्हणतो. तेलाचेही तसेच आहे. मोहन कडकडीत तेलाचे घालतात, उकळत्या तेलाचे नव्हे. आंघोळीचे पाणी तापवतात, लोणी कढवतात, पण चहा मात्र उकळतात, कारण चहाला उकळी हवीच असते. आपण पातेल्याकडून काय अपेक्षा ठेवतो त्यावर शब्द ठरतो, असे मला वाटते.

एरवी दूध उतू गेले की घरात बोलणी बसतात, परंतु वर्षातून एक दिवस आपण ते मुद्दाम उतू घालवतो. रथसप्तमीला अंगणात किंवा गच्चीवर सूर्याच्या दिशेने तोंड करून गोवरीच्या निखाऱ्यांवर मातीचे छोटे बोळके ठेवतात आणि दूध ज्या बाजूने उतू जाते तिकडे सगळ्यांचे लक्ष असते. नव्या घरात राहायला जातानाही हेच करतात. मुलांना हे सांगितलेत तर ‘उतू जाणे’ हा शब्द त्यांच्या लक्षात राहील. उन्हाळ्यापुरते एवढे आणखी सांगावेसे वाटते की आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालण्याला ‘विसण घालणे’ म्हणतात. हा शब्द आमच्या इथे अजून रोजच्या वापरात आहे, पण पुढच्या पिढीला तो गीझरमुळे मिळणार नाही, अशी मला भीती वाटते.

तळकोकण

उकडण्याचा विषय निघाला आणि उकड्या तांदळाचे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. आमचे गाव सिंधुदुर्गात, आणि तिकडे काय किंवा गोव्यात काय, तांदूळ म्हणजे आधी उकडा तांदूळ. सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, सणावारी.

माझ्या लहानपणी आमच्याकडे हे काम घरीच होत असे. शेतातून आलेले भात, म्हणजे तुमच्याकडे ज्याला साळ म्हणतात ते, रात्री पाण्यात भिजत घालायचे. पहाटे मागील दारी तीन दगडांच्या चुलीवर मोठे तांब्याचे भांडे चढवून ते टरफलासकट उकडायचे. आजी भांड्याच्या तोंडावर गोणपाट टाकत असे आणि मधूनच एक मूठभर भात काढून हातावर घेत असे. दाण्याच्या टरफलाला बारीक चीर पडलेली दिसली की ती “झाला” म्हणायची आणि खालचा जाळ ओढला जायचा. आम्हा मुलांना त्या वेळी भांड्याजवळ फिरकू देत नसत. मग ते भात चटयांवर पसरून उन्हात वाळवायचे, पायांनी रेषा ओढत उलटसुलट करायचे, आणि पूर्ण वाळल्यावर गिरणीत नेऊन भरडून आणायचे. त्या उकडलेल्या भाताचा ओलसर, किंचित मातकट वास सगळ्या वाडीभर पसरत असे. आज डोळे मिटले तरी तो मला येतो.

यामागचे कारणही मुलांना सांगण्यासारखे आहे. टरफलासकट उकडल्यामुळे कोंड्यातील ब जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्याच्या आत शिरतो आणि भरडताना तो वाया जात नाही. दाणा टणक होतो, त्यामुळे गिरणीत कणीही कमी पडते. अशा तांदळाची पेज सकाळी पिऊन माणसे दुपारपर्यंत शेतात राबत असत.

आता शब्दांकडे येतो. भात उकडले, मग त्याचा तांदूळ झाला, आणि तोच तांदूळ पुन्हा आधणात वैरला की तो शिजतो. एकाच दाण्याच्या आयुष्यात आधी उकडणे येते आणि नंतर शिजणे. ‘खिळे आणि शाई’ यांनी टरफलाविषयी जो नियम सांगितला तो इथे अगदी तंतोतंत लागू पडतो, हे वाचून मला फार आनंद झाला. आणि आधण हा शब्द मेलेला नाही, ताई. आमच्याकडे आजही भातासाठी आधी आधण ठेवतात, आधण आले की तांदूळ वैरतात, आणि अचानक पाहुणे आले तर आधणात थोडे पाणी वाढवतात. उत्तर भारतात याच अर्थाने ‘अदहन’ म्हणतात, हे मला माझ्या कामाच्या ठिकाणी बिहारकडच्या सहकाऱ्याकडून कळले, आणि त्या दिवशी आमची मैत्री आणखी घट्ट झाली.

शनिवारची_शाळा

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. भात आणि तांदूळ यांतला तो प्रवास मी मुलांना चित्रे काढून दाखवणार आहे.

आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलांना विज्ञानाची आवड आहे. पाणी उकळते म्हणजे नेमके काय होते हे त्यांना मराठीतून सांगायचे झाल्यास कोणते शब्द वापरावेत? आणि रक्त उकळले, राग उकळला असे मराठीत म्हणावे का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. आमच्या वाचनाच्या एका गोष्टीत तसे छापलेले आहे.

फळा_आणि_खडू

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत उकळण्याला ‘उत्कलन’ आणि ज्या तापमानाला द्रव उकळतो त्याला ‘उत्कलनांक’ म्हणतात. हिंदीत त्याच जागी ‘क्वथनांक’ हा शब्द आहे. तो संस्कृतातील क्वथ् या धातूवरून आलेला आहे, आणि आपला काढा, कढणे, कढी ही त्याच धातूची लेकरे आहेत. म्हणजे हिंदीने शास्त्रासाठी जो धातू घेतला तो मराठीने स्वयंपाकघरात ठेवला, असे मी वर्गात सांगतो, आणि मुलांना ते आवडते.

पातेले गॅसवर ठेवून ही मुले पाच मिनिटे शांत उभी राहिली, तर त्यांना बरेच काही दिसेल. प्रथम तळाशी आणि कडेला अगदी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ते वाफेचे नसतात, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. थोड्या वेळाने पाण्याचा सूं असा आवाज येऊ लागतो. तळाशी खरी वाफ तयार होऊन तिचे बुडबुडे वर निघतात, परंतु वरचे पाणी अजून तेवढे तापलेले नसल्यामुळे ते मध्येच मिटतात, आणि त्या मिटण्याचा तो आवाज असतो. पुढे सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे मिटेनासे होतात, पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतात, सूं थांबते आणि खळखळ सुरू होते. ‘खळखळ उकळणे’ हा आपला शब्दप्रयोग किती अचूक आहे, हे त्या क्षणी कानाला पटते. ओले कपडे दोरीवर वाळतात तेव्हाही पाण्याची वाफच होते, पण ती फक्त पृष्ठभागावरून आणि कोणत्याही तापमानाला होते. त्याला बाष्पीभवन म्हणतात, उत्कलन नव्हे.

उकळण्यासाठी पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका व्हावा लागतो. समुद्रसपाटीला हे १०० अंश सेल्सिअसला घडते. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि ढोबळमानाने दर ३०० मीटरना उत्कलनांक एका अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना, आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास. त्यामुळे लेहमध्ये पाणी लवकर उकळते, पण डाळ लवकर शिजत नाही. प्रेशर कुकर याच्या उलट काम करतो. आत वाफ कोंडून दाब दुप्पट केला की पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळते आणि तीच डाळ काही शिट्ट्यांत मऊ होते.

स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी अशी एक गोष्ट मला येथे आग्रहाने सांगायची आहे. पाण्याला एकदा उकळी आली की आच कितीही मोठी केली तरी पाणी आणखी तापत नाही. वाढवलेली सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, तर त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. म्हणून उकळी आल्यावर गॅस बारीक करावा. बटाटे तेवढ्याच वेळात उकडतात आणि सिलिंडर चार दिवस जास्त पुरतो. वाफेने पोळले तर उकळत्या पाण्यापेक्षा अधिक दुखापत का होते, याचेही कारण हेच आहे. ती सगळी साठवलेली उष्णता वाफ पुन्हा पाणी होताना कातडीला देते. मुले प्रयोग पाहत असतील तेव्हा त्यांना झाकण उचलू देऊ नका.

‘माजघर’ यांनी लिहिलेले कडकडीत तेल शास्त्रालाही धरून आहे. भजी सोडल्यावर कढईत बुडबुडे येतात, पण तेव्हा तेल उकळत नसते. तेल १८० अंशांच्या आसपास असते आणि पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. बुडबुडे कमी झाले म्हणजे भज्यातले पाणी संपत आले. दुधाचे रहस्य असे की त्याच्या पृष्ठभागावर प्रथिने आणि स्निग्धांश यांची साय धरते, खालून आलेली वाफ तिच्याखाली अडकते, आणि फेसाचा सबंध थर एकदम वर उचलला जातो. पाण्याला साय नसते, म्हणून ते असे फुगून उठत नाही.

पिण्याचे पाणी उकळण्याविषयी तर स्पष्टच लिहितो, कारण पावसाळ्यात पालिका ‘पाणी उकळून प्यावे’ असे सांगते आणि बरेच जण ते फक्त गरम करतात. पाण्याला खळखळ उकळी यावी आणि ती १ मिनिट राहावी. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटे. गरम करणे आणि उकळणे या दोन शब्दांतला फरक इथे तब्येतीशी निगडित आहे.

काहील

शिरोळ तालुक्यातून लिहितो. आमचे गुऱ्हाळ होते, म्हणून उकळण्याचा आणखी एक अर्थ माझ्या अंगात भिनलेला आहे.

उसाचा रस काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या पसरट कढईत, ओतून खालचे चुलवण (मोठी चूल) पेटवले की आधी त्याला दाट, काळपट फेस येतो. रानभेंडीचा चिकट रस टाकला की सगळी मळी त्या फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. मग रस उसळायला लागतो. फेस काहिलीच्या काठाला आला की थोडे तेल शिंपडतात आणि तो जागीच बसतो. हे पाहताना लहानपणी मला जादू वाटत असे. पाणी जसजसे उडून जाते तसतसा रस १०० अंशांवर थांबत नाही, वर चढत जातो. काकवीच्या पुढे जाऊन ११८ अंशांच्या आसपास गूळ तयार होतो. गुळव्या थर्मामीटर वापरत नसे. गार पाण्यात दोन थेंब सोडून त्याची गोळी वळायची, आणि ती भांड्याच्या कडेवर आपटून आवाज ऐकायचा. आवाज बरोबर आला की क्षणभरही न थांबता काहील उतरवायची.

शेकडो लिटर रस असा उकळत ठेवल्यावर हातात येते ते थोडे, घट्ट आणि गोड. त्यामुळे ‘पैसे उकळणे’, ‘खंडणी उकळणे’ हे शब्द कानावर पडले की माझ्या डोळ्यांसमोर काहीलच येते. समोरच्याला जाळावर धरून त्याच्यातले सत्त्व तेवढे काढून घ्यायचे. आमच्या भागात ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांनी मध्यस्थांविषयी हा शब्द वापरलेला मी कितीदा तरी ऐकला आहे, आणि दर वेळी त्यात खरी वेदना होती.

खिळे_आणि_शाई

रक्त उकळण्याविषयी. ‘रक्त उकळले’ हे हिंदीच्या ‘खून खौलना’ वरून वृत्तपत्रांत शिरलेले आहे, असे माझे मत आहे. मराठी माणसाचे रक्त खवळते, सळसळते, उसळते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते, त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. एवढे सगळे घरात असताना ‘राग उकळला’ असे लिहिण्याची गरज नाही. त्या गोष्टीतले वाक्य बदलून घ्यावे.

याचा अर्थ चुलीवरचे शब्द आपण मनासाठी वापरत नाही असा मात्र नाही. उलट ते इतके काटेकोरपणे वापरतो की पाहून आश्चर्य वाटते. मराठीत उकळी फुटते ती आनंदाची किंवा हसण्याची. दुःखाच्या उकळ्या फुटत नाहीत. दुःखाचा येतो तो कढ. ‘रडण्याचे कढ आवरेनात’ असे आपण म्हणतो, कारण कढ हळूहळू वर येतो, ओसरतो आणि पुन्हा येतो. असंतोष खदखदतो, आणि तो शब्द आला आहे पिठल्यासारख्या दाट पदार्थावरून, जिथे वाफ सहजासहजी वाट काढू शकत नाही, आत साठते आणि जड आवाज करून फुटते. वरून शांत दिसणाऱ्या माणसांच्या रागाला याहून योग्य शब्द मला सुचत नाही. रटरटणे हा शब्द मात्र रश्शापुरताच राहिला, तो मनापर्यंत पोचला नाही.

आणि ऊत. अफवांना ऊत येतो, चर्चेला ऊत येतो. जे व्हायला नको ते मर्यादेबाहेर वाढले, असा नापसंतीचा सूर त्यात असतो. चांगल्या गोष्टीला ऊत आल्याचे मी कधी वाचलेले नाही. ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ या म्हणीत तर स्वयंपाकाचे पूर्ण ज्ञान आहे. ताकाच्या कढीला नाव कढण्यावरून पडले, तरी ती जपूनच तापवावी लागते. बेसन लावलेले नसेल किंवा ढवळणे थांबले तर ती फुटते. कालची कढी पुन्हा उकळणे म्हणजे ती हमखास बिघडवणे. जुने भांडण उकरून काढणाऱ्याला या म्हणीने जे सांगितले जाते ते उपदेशाच्या चार वाक्यांत मावणार नाही. (सोलकढी तर चुलीवर चढतही नाही, तरी तिला कढीच म्हणतात. ‘तळकोकण’ यांना यावर अधिक सांगता येईल.)

याच उतण्यावरून व्रतांच्या कहाण्यांतले ते वाक्य आले: ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस.’ श्रावणात आई कहाणी वाचत असे तेव्हा मला ‘उतू नकोस’ चा अर्थ कळत नसे. पुढे एका पहाटे दूध उतू गेलेले पाहिले. भांडे तेच, दूध तेवढेच, पण थोडी उष्णता मिळताच ते स्वतःच्या काठाबाहेर गेले आणि चुलीत सांडून जळले. सुबत्ता आल्यावर माणसाचे काय होते ते त्या एका शब्दात होते. मोठ्या मुलांना हे वाक्य जरूर द्यावे. त्यांना दूध उतू जाताना आधी दाखवावे आणि वाक्य नंतर सांगावे.

तळकोकण

सोलकढीबाबत खरे आहे. नारळाच्या रसाला आच लागली की तो फाटतो, म्हणून आम्ही ती कच्चीच ठेवतो. ती भातावर ओढून घेतात किंवा जेवणानंतर पितात, त्या अर्थाने ती कढीच्या जागी आली.

ताई, उकडा तांदूळ तुमच्याकडे मिळत नसेल तर केरळी माणसांच्या दुकानात विचारा. त्यांचा लालसर, जाड तांदूळ टरफलासकट उकडलेलाच असतो. पेज त्याचीही चांगली होते. फक्त वेळ द्यावा लागतो.

शनिवारची_शाळा

तांदूळ मिळाला. आमच्या गावापासून दोन स्थानके पुढे केरळी दुकान आहे, तिथून काल दोन किलो आणला. पाठासाठी काचेचे पातेले आणि विजेची शेगडी यांची व्यवस्था झाली आहे. मुले दूर अर्धवर्तुळात बसतील आणि बुडबुडे, सूं आणि खळखळ यांच्या नोंदी करतील. गोष्टीतले ‘रक्त उकळले’ मी पेनाने खोडून वर ‘खवळले’ असे लिहिले आहे.

मुलीला मी उकडते आणि उकळते यांतला फरक सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि मग विचारले की थंडीसाठीही असेच ‘मला’ लावायचे का. ‘मला थंडी वाजते’ हे तिला पूर्वीपासून येत होते, दोन्हींचा संबंध मात्र तिने आज स्वतःच जोडला.

आत्ता शेगडीवर आधण ठेवले आहे. तांदूळ वैरून पेजेला पहिला कढ आला की तिला हाक मारीन.